वाचक विचारतात: अधिकार म्हणजे मोठा आवाज का?

प्रश्न: ताई, आमच्या प्रार्थनागटात सगळे जण मोठ्याने ‘येशूच्या नावात आज्ञा देतो’, ‘सैताना, तुला बांधतो’ अशी प्रार्थना करतात. मला ते जमत नाही. मी डोळे मिटून मनातल्या मनात बोलते. गटप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘तुझ्यात आत्मिक अधिकार नाही, म्हणूनच तुझ्या घरातलं आजारपण हटत नाही.’ तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की आधी रडूच येतं. माझ्यात खरंच काही कमी आहे का? (एक वाचक भगिनी)

नाही. हे आधी सांगून टाकते, कारण पत्रात फिरून फिरून तू हेच विचारलं आहेस.

तुझं पत्र वाचताना मला हन्ना आठवली. शिलोच्या मंदिरात ती मन मोकळं करत होती. ओठ हलत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता. एली याजक दाराशी बसला होता. त्याला वाटलं, बाई दारू पिऊन आली आहे, आणि त्याने तसं तोंडावर सुनावलं. म्हणजे मंदिरातल्या सगळ्यात अधिकारी माणसाला समोर चाललेली खरी प्रार्थना ओळखता आली नाही. तेव्हा गटप्रमुखांचं फार मनाला लावून घेऊ नकोस, त्यांच्याआधी एलीही चुकला होता. पण हन्ना गप्प बसली नाही, हेही बघ. ‘नाही स्वामी, मी मद्य घेतलेलं नाही, मी माझं मन परमेश्वरापुढे ओतत होते,’ असं तिने त्याला सरळ सांगितलं. तिची प्रार्थना हळू होती. धैर्य मात्र पुरेपूर होतं, आणि ते देवापुढे मन मोकळं करण्यात आणि याजकाला नम्रपणे ‘नाही’ म्हणण्यात दिसलं.

आता अधिकाराकडे येऊ. इफिसात स्किवा नावाच्या मुख्य याजकाचे सात मुलगे होते. ‘पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची तुम्हांला शपथ’ असं म्हणून ते भुतं काढायला गेले. नावात काही चूक नव्हती. तो अशुद्ध आत्मा म्हणाला, येशू मला ठाऊक आहे, पौलही माहीत आहे, पण तुम्ही कोण? मग तो आत्मा ज्याच्यात होता त्या एकट्या माणसाने त्यांना असं झोडपलं की ते उघडेनागडे, जखमी होऊन घरातून पळत सुटले. हे प्रेषितांच्या कृत्यांच्या १९व्या अध्यायात आहे. ते पुस्तक लिहिताना लूकला हसू आवरलं नसावं, असं मला आपलं वाटतं. त्या मुलांचा आवाज कमी पडला नव्हता. ज्याचं नाव घेत होते त्याच्याशी त्यांची ओळखच नव्हती, पौलाच्या ओळखीवर काम भागवायचा बेत होता.

कफर्णहूमच्या शतपतीला, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याला, हे नेमकं कळलं होतं. ‘मीही ताबेदार माणूस आहे, आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत,’ असं तो येशूला म्हणाला. आधी स्वतः ताबेदार, मग हाताखालचे शिपाई. मी आयुष्यभर नर्स होते, त्यामुळे हे मला चटकन समजतं. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेलं इंजेक्शन मी बेधडक देत असे, पेशंट घाबरला तरी माझा हात थरथरत नसे. पण कागदावर नसलेलं औषध मी कितीही मोठ्याने बोलून दिलं असतं, तरी तो गुन्हाच ठरला असता. प्रभूने जे सांगितलं आहे त्याच्या आत उभं राहून बोलणं, एवढाच आपला अधिकार. तो आपल्या खिशातला नाही.

‘बांधणं-सोडणं’ ज्या वचनावर चालतं, ते मत्तयाच्या १८व्या अध्यायातलं आहे. तिथे मागेपुढे काय आहे तेही वाच. अपराध केलेल्या भावाला एकांतात कसं समजवायचं, नाही ऐकलं तर दोघांना कसं न्यायचं, शेवटी मंडळीला (चर्चला) कसं सांगायचं, हा तिथला विषय आहे. सैतानाचं तिथे नावही नाही. आणि यहूदाच्या पत्रात आद्यदेवदूत मीखाएलसुद्धा सैतानाशी वाद घालताना स्वतः त्याला दोष न देता ‘प्रभू तुला धमकावो’ एवढंच म्हणतो.

मोठ्याने प्रार्थना करणं वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. लाजराच्या कबरेपाशी प्रभूने मोठ्याने हाक मारली होती. ज्यांचा गळा मोठा आहे त्यांनी खुशाल मोठ्याने प्रार्थना करावी. फक्त त्यावरून दुसऱ्याचा विश्वास मोजू नये.

आणि आजारपणाचं म्हणशील, तर जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप याचं की आईबापांचं? प्रभूने दोन्ही उत्तरं नाकारली. गटप्रमुखांना एकदा एकटीने भेट आणि सांग, ‘त्या दिवशीच्या बोलण्याने मला फार लागलं.’ एवढंच. हन्नाने केलं तसं.

प्रश्न: माझ्या मुलीला लहानपणापासून मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. एका सभेत सेवकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून ‘तू बरी झाली आहेस’ असं घोषित केलं. आता ते म्हणतात, सुई घेणं म्हणजे अविश्वास, धाडसाने पाऊल टाका. काय करावं? (एक वडील)

इन्सुलिन आज, आत्ता, ठरलेल्या वेळी द्या. पुढचं मग वाचा.

अशी एक मुलगी आमच्या वॉर्डात आली होती. श्वास खोल आणि धाप लागल्यासारखा, तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास, हाक मारली तर अर्धवट डोळे उघडायची. असं का होतं, ते सांगते. इन्सुलिन नसलं की रक्तातली साखर पेशींना वापरता येत नाही, शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात आम्ल साठत जातं. लहान मुलाचा जीव जायला काही दिवसही पुरतात. तिला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. ती वाचली. तिचे वडील बाकावर बसून एकच विचारत होते, ‘सिस्टर, आमचा विश्वास कुठे कमी पडला?’ ज्यांनी घोषणा केली होती, त्यांच्यापैकी तिथे कोणीही नव्हतं. मला अजूनही त्याचा राग आहे, आणि तो गेला पाहिजे असं मला वाटतही नाही.

पौलाने तीमथ्याला वारंवार होणाऱ्या आजारांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. सोबती त्रफिमाला मिलेतात आजारी अवस्थेत मागे ठेवावं लागलं, हे त्याने न लाजता लिहून ठेवलं. त्याच्या प्रवासातला लूक वैद्य होता. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर त्याने स्वीकारलं. यात अविश्वास कुठे दिसतो?

देव बरं करतो, यावर माझा विश्वास आहे. प्रभूने कुष्ठरोग्याला बरं केल्यावर काय सांगितलं, ते पाहा: जा, स्वतःला याजकाला दाखव. त्या काळी कुष्ठ तपासायचं काम याजकाचं होतं. खरं बरं होणं तपासणीला घाबरत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीतही साखर तपासू द्या, डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांना ठरवू द्या. आणि मंदिराच्या शिखरावरून ‘उडी टाक, देवदूत झेलतील’ असं वचन दाखवून येशूला कोण म्हणालं होतं (सैतानच ना?), हे त्या सेवकांना एकदा विचाराच.

प्रश्न: मी मंडळीच्या कमिटीवर आहे. दानपेटीचा हिशोब बरेच दिवस वाचून दाखवलेला नाही. विचारलं तर पाळकसाहेब म्हणाले, ‘अभिषिक्ताला हात लावू नका, शाप लागेल.’ घरचे म्हणतात, गप्प बस. हे देवाविरुद्ध जाणं ठरेल का? (एक कमिटी सदस्य)

ते वचन १०५व्या स्तोत्रातलं आहे. अभिषिक्त म्हणजे देवाने निवडून नेमलेला. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांची गोष्ट चालू आहे: थोडके, परदेशी, या राष्ट्रातून त्या राष्ट्रात भटकणारे. त्यांना छळू नका, अशी ताकीद देव राजांना देतो. दुबळ्यांच्या रक्षणासाठी सांगितलेलं वचन गल्ल्याच्या रक्षणासाठी कधीपासून वापरायला लागले, कोण जाणे!

दावीदाचंही उदाहरण तुम्हाला देतील, म्हणून तयार असा. दावीदाच्या जिवावर उठलेला शौल राजा गुहेत आला, दावीदाने त्याला मारलं नाही, झग्याचा काठ तेवढा कापला, कारण शौल अभिषिक्त होता. बरोबर. पण पुढे काय झालं? दावीद गुहेबाहेर आला, मागून हाक मारली, हातातला तो तुकडा दाखवला आणि राजाला विचारलं, माझ्या मागे का लागला आहात? हात लावला नाही, पण प्रश्न विचारलाच. नंतर दावीद स्वतः राजा झाला आणि चुकला, तेव्हा नाथान संदेष्ट्याने ‘तो मनुष्य तूच आहेस’ असं त्याला तोंडावर सांगितलं. नाथानाला शाप लागला नाही. अंत्युखियात पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत अडवलं, तिथेही कोणी शापाची भाषा केली नाही.

पैशांच्या बाबतीत पौल किती काळजी घेत असे, ते करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात वाचा. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली मदत पोहोचवायची होती. मंडळ्यांनी नेमलेले भाऊ त्याने सोबत घेतले. कारणही सांगितलं: या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष लावू नये, आणि प्रभूच्याच नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करावं. ज्याला प्रभू स्वतः भेटला होता त्याला सोबत माणसं घ्यावीशी वाटली. मग हिशोब मागणं हा अपमान कसा?

आता करायचं काय? आधी घराघरांत जाऊन कुजबुज करू नका, त्याने तुमची बाजू लंगडी होते. मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय ऐकू नये, असं तीमथ्याला लिहिलं आहे, आणि ते पाळकांच्याही रक्षणासाठी आहे. कमिटीतला आणखी एखादा समंजस सदस्य बरोबर घ्या. लेखी पत्र द्या: अमुक महिन्यापासूनचं रोकड वही, पावती पुस्तक आणि बँकेचं पासबुक पुढच्या बैठकीत ठेवावं. चोरीचा शब्दही काढू नका, कारण अजून तुम्हाला ते माहीत नाही. कदाचित खजिनदाराचा आळसच निघेल. बैठकीत टाळाटाळ झाली तर तेच पत्र तुमच्या वरच्या मंडळाकडे पाठवा, आणि इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय बैठकीतून उठू नका.

प्रश्न: साहेबांनी खोट्या बिलावर सही करायला सांगितलं आहे. मी विश्वासणारा आहे, पण त्यांच्या केबिनमध्ये गेलं की पाय लटपटतात. धैर्य येण्यासाठी कोणती प्रार्थना करू? (एक तरुण)

पाय लटपटू देत. आपण अशक्तपणात, भीतीने आणि फार कापत कापत आलो होतो, हे पौलाने करिंथकरांना स्वतःच लिहिलंय. आणि बेड्यांत असताना इफिसकरांकडे त्याने काय मागितलं? बोलायला धैर्य मिळावं म्हणून प्रार्थना करा, एवढंच. पेत्र-योहानाला न्यायसभेने धमकावून सोडलं, तेव्हा मंडळीनेही धमक्या थांबव असं म्हटलं नाही. ‘त्यांच्या धमकावण्यांकडे पाहा, आणि तुझं वचन पूर्ण धैर्याने बोलू दे,’ अशी प्रार्थना केली. तूही एकटा करू नकोस, दोन मित्रांना तारीख आणि वेळ सांगून ठेव.

आत गेल्यावर प्रवचन नको. राजाचं अन्न नको म्हणताना दानिएलाने बाबेलच्या अधिकाऱ्याशी वाद घातला नाही, विनंती केली आणि दहा दिवसांचा पर्यायही सुचवला. तू म्हण, ‘सर, या बिलावर मला सही करता येणार नाही. खरा खर्च जेवढा झालाय त्याचं बिल मी आजच तयार करून देतो.’ वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघ. नोकरीवर गदा येणारच नाही असं मी तुला खोटं सांगणार नाही, म्हणून घरच्यांशी आधी बोलून ठेव. आणि काय झालं ते मला कळव, या पानावर छापणार नाही.