अडुळशाच्या पानांतले औषधी घटक कॉलेजच्या प्रयोगशाळेत कसे तपासायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही बडोद्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात. प्रोजेक्टसाठी अडुळसा, तुळस, कडुनिंब आणि शेवगा या चार झाडांच्या पानांतली रसायनं तपासायची आहेत आणि कॉलेजात साधीच प्रयोगशाळा आहे. कोणत्या टेस्ट कराव्यात, आणि त्या पॉझिटिव्ह आल्या की झाड औषधी असल्याचं सिद्ध होतं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. नाही, सिद्ध होत नाही. टेस्ट ट्यूबमध्ये रंग आला किंवा साका बसला, तर त्या पानात अल्कलॉइड (नायट्रोजन असलेली, बहुधा कडू रसायनं), टॅनिन (तुरट रसायनं) किंवा सॅपोनिन (फेस देणारी रसायनं) अशा एखाद्या गटातलं काहीतरी बहुधा आहे, एवढंच कळतं. दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्याच्या दारावर नुसतं आडनाव वाचावं, तसं आहे हे. घर कोणाचं ते कळलं. आत कोण राहतं, किती जण आहेत, काय करतात, यातलं काही कळलं नाही. तरीही हे काम करण्यासारखं आहे, मनापासून करण्यासारखं आहे, कारण पुढच्या सगळ्या तपासणीची दिशा इथे ठरते. मी बडोद्यातच वनौषधींच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं आहे, त्या अनुभवावरून सांगतो.

पहिला आग्रह: चार झाडं घेऊ नका, एकच घ्या. चारही झाडांना एकच साचा लावला की तिघांवर तरी अन्याय होतो. तुळशीचा महत्त्वाचा घटक युजेनॉल. तो उडून जाणाऱ्या तेलात असतो. पानं वाळवताना आणि अर्क आटवताना त्यातला बराच भाग हवेत जातो, त्यासाठी क्लेव्हेंजरच्या उपकरणात वाफेबरोबर तेल काढावं लागतं. कडुनिंबाचं नाव ज्या अझाडिरॅक्टिनमुळे गाजलं, ते मुख्यतः बियांत असतं. शेवग्याची खासियत असलेली ग्लुकोसिनोलेट्स तर नेहमीच्या टेस्टच्या यादीत दिसतच नाहीत. उरला अडुळसा, आणि तो तुमच्या प्रयोगशाळेसाठी फार चांगला विषय आहे.

अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन आणि व्हॅसिसिनोन ही अल्कलॉइड्स असतात. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषध 1960 च्या दशकात आलं, ते व्हॅसिसिनच्या रेणूवर काम करता करता तयार झालेलं. आज घरोघरी असलेलं अँब्रॉक्सॉल हे त्याच ब्रोमहेक्सिनपासून शरीरात बनणारं रूप. आणि आपल्या शहराचाही यात वाटा आहे. 1907 साली बडोद्यात सुरू झालेल्या अलेंबिकचं जुनं खोकल्याचं औषध ग्लायकोडिन टर्प वसाका या नावानं विकलं जायचं. त्यातला वसाका म्हणजे अडुळसाच. बडोद्याच्या मुलीनं अडुळशावर प्रोजेक्ट करावा, याचा मला खरंच आनंद आहे.

आता झाडाची ओळख. इथे घाई चालत नाही. गुजरातीत अडुळशाला अरडुसी म्हणतात, आणि अरडुसो म्हणजे वेगळंच झाड: आपला महारुख, आयलॅन्थस एक्सेल्सा. माळ्याला सांगताना एका मात्रेचा फरक पडला तर पिशवीत भलतीच पानं येतील. अडुळसा हे झुडूप आहे, पानं समोरासमोर, लांबट, टोकदार आणि साधी. फुलं पांढरी, पाकळीवर जांभळट रेषा. महारुख उंच वृक्ष आहे आणि त्याचं पान अनेक पर्णिकांचं बनलेलं असतं. अडुळसा गुरं-शेळ्या खात नाहीत, म्हणून शेताच्या कुंपणाला लावलेला सापडतो. तिथून घ्या, कमाटीबागेसारख्या सार्वजनिक बागेतून तोडू नका, आणि हमरस्त्याच्या कडेचाही घेऊ नका, त्यावर धूर आणि धूळ बसलेली असते. फुलांसकट एक फांदी दाबून वाळवा, शीटवर चिकटवा आणि वनस्पतिशास्त्राच्या जाणकार प्राध्यापकांकडून ओळख पटवून घ्या. रिपोर्टमध्ये जस्टिशिया अधातोडा हे शास्त्रीय नाव, जागा, तारीख आणि त्या शीटचा क्रमांक लिहा. पानांचं वय लिहायलाही विसरू नका, कोवळ्या आणि जून पानांत घटकांचं प्रमाण सारखं नसतं.

पानं धुऊन सावलीत, वारा लागेल अशी पसरून वाळवा. ताज्या पानात पाणीच जास्त, त्यामुळे 100 ग्रॅम पानांतून हाती 20 ते 30 ग्रॅम येईल असं धरून चला. बडोद्याच्या पावसाळ्यात हे काम काढू नये. पान दमट राहतं, बुरशी धरते, आणि मग आपण पान तपासतो की बुरशी, ते सांगता येत नाही. पान मोडलं की कुरकुर आवाज आला पाहिजे. मग मिक्सरमध्ये दळून चाळून घ्या.

अर्क काढायला सॉक्सलेट (सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं द्रव, पावडरीतून पुन्हा पुन्हा फिरवणारं काचेचं उपकरण) असेल तर उत्तम. नसेल तर 20 ग्रॅम पावडर 200 मिलीलिटर मिथेनॉलमध्ये, झाकणबंद फ्लास्कमध्ये, दोन-तीन दिवस अधूनमधून हलवत ठेवा. अगोदर पेट्रोलियम ईथरनं एकदा धुऊन काढलं तर मेण, तेल आणि बरंचसं हरितद्रव्य निघून जातं. ही पायरी टाळू नका. हिरवा रंग पुढे रंगांच्या सगळ्या टेस्ट झाकून टाकतो. उष्णतेचा विचारही करा. चीनच्या तू यूयू यांना आर्टेमिसिया झाडातला मलेरियावरचा घटक नेहमीच्या गरम काढ्यात नीट मिळत नव्हता. कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरून काढला तेव्हा तो हाती लागला, आणि त्या कामाला 2015 साली नोबेल मिळालं. अर्क काढण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलतं. म्हणून आटवताना वॉटर बाथ 50 अंशांच्या आसपासच ठेवा, भडका नको. राहिलेल्या अर्काचं वजन करा: 20 ग्रॅम पावडरीतून समजा 2.4 ग्रॅम अर्क आला, तर उतारा 12 टक्के. अर्क गडद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा, कारण व्हॅसिसिन हवेत हळूहळू ऑक्सिडाइज होऊन व्हॅसिसिनोन बनतं.

अल्कलॉइडच्या टेस्टवर तुमचा सर्वांत जास्त वेळ गेला पाहिजे. अर्ध्या ग्रॅम अर्कात 10 मिलीलिटर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घाला, किंचित कोमट करा, थंड झाल्यावर गाळा. अल्कलॉइड हे बेस असतात. ॲसिडमध्ये त्यांचे क्षार होऊन ते पाण्यात उतरतात. चिकट हिरवा भाग फिल्टर पेपरवर राहतो. गाळलेलं पाणी चार ट्यूबमध्ये वाटा. प्रत्येक ट्यूबमध्ये वेगळं रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, घाला: मेयरच्या रिएजंटनं मळकट पांढरा, ड्रॅगेनडॉर्फनं नारिंगी, वॅग्नरनं तांबूस तपकिरी आणि हॅगरनं पिवळा साका आला पाहिजे. रिएजंट थेंबाथेंबानं घाला. मेयर जास्त पडलं तर बसलेला साका पुन्हा विरघळू शकतो.

बहुतेक प्रोजेक्ट इथेच थांबतात आणि तक्त्यात अधिकचं चिन्ह मारतात. तुम्ही एक पाऊल पुढे जा. प्रथिनंही या रिएजंटांबरोबर साका देतात. तेव्हा त्या ॲसिडच्या पाण्यात अमोनिया घालून ते अल्कधर्मी करा आणि सेपरेटिंग फनेलमध्ये क्लोरोफॉर्मबरोबर हलवा. आता अल्कलॉइड मोकळे झालेले असतात, ते खालच्या क्लोरोफॉर्ममध्ये जातात; प्रथिनं वर पाण्यात राहतात. खालचा थर काढून आटवा, पुन्हा पातळ ॲसिडमध्ये विरघळवा आणि तीच टेस्ट करा. साका पुन्हा आला तर तुमच्या शब्दाला वजन आहे. एवढ्या एका कामानं तुमचा प्रोजेक्ट इतरांपेक्षा वेगळा ठरेल, कारण त्यात कारण आणि परिणाम दोन्ही तुम्हाला समजलेले असतील.

बाकीच्या टेस्ट सोप्या आहेत. फेरिक क्लोराइडचे थेंब टाकून निळसर काळा किंवा हिरवट काळा रंग आला तर फिनॉल-टॅनिन. मीठ घातलेल्या जिलेटिनच्या द्रावणात पांढरा साका आला तर टॅनिनची खात्री वाढते. मॅग्नेशियमचे तुकडे आणि कडक हायड्रोक्लोरिक ॲसिडनं गुलाबी-लाल रंग आला तर फ्लॅवोनॉइड, ही शिनोडा टेस्ट. अर्क पाण्यात घालून जोरात हलवल्यावर बोटभर फेस दहा-पंधरा मिनिटं टिकला तर सॅपोनिन. स्टेरॉल आणि ट्रायटर्पीनसाठी लीबरमान-बुर्खार्ड: ॲसेटिक अनहायड्राइड, मग ट्यूबच्या कडेनं सल्फ्युरिक ॲसिड, हिरवा रंग स्टेरॉलकडे बोट दाखवतो, लालसर जांभळा ट्रायटर्पीनकडे.

प्रत्येक टेस्टबरोबर आणखी दोन ट्यूब ठेवाच. एकीत नुसतं सॉल्व्हंट आणि रिएजंट, पानाचा अर्क नाही. तिथेही रंग आला तर दोष रसायनात किंवा काचेत आहे. ट्यूबमध्ये धुण्याच्या साबणाचा अंश राहिला की फेसाची टेस्ट कोणत्याही पानाला पॉझिटिव्ह येते. दुसरीत असा पदार्थ, ज्यात तो गट नक्की आहे. यासाठी महागडी स्टँडर्ड (तुलनेसाठीची शुद्ध रसायनं) मागवावी लागत नाहीत: टॅनिनसाठी चहाची पत्ती, सॅपोनिनसाठी मांडवीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातले रिठे, फ्लॅवोनॉइडसाठी लाल कांद्याची वाळकी साल. अल्कलॉइडसाठी मात्र प्रयोगशाळेतलं क्विनिन सल्फेट मागा. चहा-कॉफीतलं कॅफीन या रिएजंटांना नीट दाद देत नाही. रिठ्यालाच फेस आला नाही, तर अडुळशाचा 'निगेटिव्ह' निकाल कुचकामी. या दोन ट्यूब नसलेल्या तक्त्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही, मग तो कुठल्याही नियतकालिकात छापलेला असो.

प्रयोगशाळेत सिलिका जेलच्या प्लेट असतील तर टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी: प्लेटवर द्रव वर चढताना अर्कातले घटक वेगवेगळे करण्याची पद्धत) जरूर करा. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल 9:1 पासून सुरुवात करा, त्यात अमोनियाचा एखादा थेंब. सिलिका किंचित आम्लधर्मी असते, अमोनियामुळे अल्कलॉइडचे ठिपके शेपटीसारखे लांबत नाहीत. ड्रॅगेनडॉर्फ फवारल्यावर नारिंगी ठिपके उठतात. ते किती आहेत आणि किती वर चढले, हे दिसलं की गटाच्या नावापलीकडची पहिली माहिती हाती येते. शेजारी व्हॅसिसिनचं स्टँडर्ड लावलेलं नसेल तर 'हे व्हॅसिसिनच' असं लिहू नका. आकडे हवे असतील तर फोलिन-सिओकाल्टो पद्धतीनं एकूण फिनॉल मोजता येतात, गॅलिक ॲसिडशी तुलना करून. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर 765 नॅनोमीटर, कलरीमीटर असेल तर लाल फिल्टर. पण हे रिएजंट क जीवनसत्त्वासारख्या इतर रिड्यूसिंग पदार्थांनाही निळा रंग देतं, तेही रिपोर्टमध्ये नोंदवा.

लिहिताना दोन किंवा तीन अधिक चिन्हं मारण्यापेक्षा दिसलं ते शब्दांत लिहा: 'ड्रॅगेनडॉर्फ: नारिंगी साका, लगेच; क्लोरोफॉर्मनं शुद्ध केल्यावरही आला.' आणि शेवटच्या पानावर 'हे झाड कर्करोग, मधुमेह आणि जंतुसंसर्गावर गुणकारी आहे' हे वाक्य कृपया येऊ देऊ नका. फ्लॅवोनॉइड कांद्याच्या सालीतही असतात. औषध ठरायला नेमका रेणू, मात्रा, शरीरात त्याचं काय होतं आणि अपाय काय, हे सगळं लागतं. व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून गरोदर बाईनं अडुळसा स्वतःच्या मनानं घेऊ नये. पानात अल्कलॉइड आहे याचा अर्थ ते जपून वापरायचं आहे, असाही होतो, आणि तुमचा रिपोर्ट वाचणाऱ्याला हे कळायला हवं.

तुमच्या प्रोजेक्टला एक चांगला प्रश्नही सुचवतो: तुम्ही स्वतः तोडून वाळवलेली पानं आणि बाजारात सुटी मिळणारी अडुळशाची पावडर, दोन्हींची टीएलसी एकाच प्लेटवर शेजारी शेजारी काढा. ठिपके जुळले तरी ते छापण्यासारखं आहे, आणि नाही जुळले तर त्याहून जास्त. कोवळी आणि जून पानं वेगवेगळी लावली तर तेही पट्टे त्याच प्लेटवर बसतात.

कामाला लागण्यापूर्वी सरांना कचऱ्याबद्दल विचारा. मेयरमध्ये पारा असतो, तो बेसिनमध्ये ओतायचा नाही; क्लोरोफॉर्मसाठी वेगळी बाटली. हॅगरमधलं पिक्रिक ॲसिड सुकलं तर स्फोटक होतं, त्या बाटलीच्या तोंडाशी पिवळे स्फटिक दिसले तर झाकण फिरवू नका, सरांना बोलवा. लीबरमान-बुर्खार्ड फ्यूम हूडखाली, चष्मा लावून. अडुळसा थंडीत फुलतो, तेव्हा फुलांसकट फांदी हवी असेल तर पानं तोडायला डिसेंबर-जानेवारीचा मुहूर्त धरा. हवाही तेव्हा कोरडी असते.