एका दिवसाच्या यादीवरून तुरुंगवासाची सरासरी काढू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि बारा वर्षांपूर्वीची माझ्या स्वतःच्या प्रबंधाची फाइल डोळ्यांसमोर उभी राहिली. जिल्हा कारागृहातून मिळालेल्या ११२ न्यायाधीन (खटल्याचा निकाल न लागलेल्या) बंद्यांच्या यादीवरून, चोरीच्या गुन्ह्यातील आरोपीला जामीन मिळेपर्यंत सरासरी ११ महिने तुरुंगात काढावे लागतात, असा निष्कर्ष तुम्ही तुमच्या संशोधनात काढला आहे. मार्गदर्शकांनी तो मान्य केला आहे आणि ११२ हा नमुना पुरेसा आहे का, एवढेच तुम्हाला विचारायचे आहे. माझे उत्तर असे की, अडचण संख्येची नाहीच. याच पद्धतीने ११२ ऐवजी १,१२० नावे घेतलीत तरी चूक तेवढीच राहील, फक्त ती अधिक खात्रीने मांडली जाईल.

गृहीतक, चल, यादृच्छिक निवड या गोष्टी तुम्हाला येत असणार, त्यामुळे त्यांत शिरत नाही. जिथे माझी दीड वर्षे गेली, तेवढेच सविस्तर सांगतो.

मला कारागृहात दाखल होणाऱ्या सर्वांची वर्षभराची नोंद हवी होती. एका कार्यालयाने माझा अर्ज दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे दोन ओळींचे पत्र दिले. पाठपुरावा करता करता सात महिने गेले. मग एका दुपारी त्याच कार्यालयातून नऊ पानांची यादी हातात पडली. तिच्यात अनुक्रमांक, बंदी क्रमांक, कलम, दाखल दिनांक आणि न्यायालय असे रकाने होते, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी गोल शिक्क्याखाली एकच तारीख होती. इतक्या खेटा घातल्यानंतर काहीतरी मिळाले याच आनंदात मी होतो. त्या तारखेचा अर्थ काय, हे मी स्वतःला विचारलेच नाही. पुढे पाच महिने त्या यादीवर तक्ते केले, दोन प्रकरणे लिहिली, आणि मौखिकीत (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत) बहिःस्थ परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: “या तारखेच्या आधी जामिनावर सुटलेले लोक या यादीत कुठे आहेत?” ते कुठेच नव्हते. दोन्ही प्रकरणे नव्याने लिहावी लागली.

हे आकड्यांत पाहा. समजा, एका कारागृहात दरमहा ३० जण दाखल होतात. त्यांतले २७ जण दहा दिवसांत जामिनावर सुटतात आणि उरलेले तिघे, जामीनदार नाही किंवा वकील नाही म्हणून, २४ महिने आत राहतात. कोणत्याही एका दिवशी शिरगणती केलीत तर पहिल्या गटातले सुमारे ९ आणि दुसऱ्या गटातले ७२, असे ८१ बंदी सापडतील. म्हणजे दाखल होणाऱ्यांत जे केवळ दहा टक्के आहेत, ते यादीत जवळजवळ नव्वद टक्के दिसतात. दाखल झालेल्या सर्वांचा खरा सरासरी तुरुंगवास २.७ महिने असतो, आणि यादीतल्या दाखल दिनांकावरून मोजलेली सरासरी साधारण १०.७ महिने येते. तुमचे ११ महिने याच वाटेने आले असावेत, अशी मला दाट शंका आहे.

यात दुसरी चूकही दडलेली आहे. यादीतला माणूस अजून आतच आहे, त्यामुळे तुम्ही मोजता तो त्याचा आजवरचा काळ, पूर्ण काळ नव्हे. वरच्या उदाहरणात २४ महिने राहणारे लोक यादीत सरासरी १२ महिन्यांचे दिसतात. एक चूक आकडा वाढवते आणि दुसरी कमी करते, म्हणून त्या एकमेकींची भरपाई करतील असे धरून चालू नका; मी मौखिकीत नेमका तोच बचाव केला होता आणि तो टिकला नाही. शिवाय अशा विषयात सरासरीसोबत मध्यक (क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला आकडा) द्याच. या उदाहरणात मध्यक दहा दिवस आहे, आणि धोरणाच्या दृष्टीने ते दहा दिवस व ते २४ महिने हे दोन पूर्णपणे वेगळे प्रश्न आहेत.

याचा अर्थ तुमची यादी निरुपयोगी आहे असा नाही. वेळ कमी असेल तर विदा (माहितीसाठा) बदलण्यापेक्षा प्रश्न बदला, असे माझे स्पष्ट मत आहे. एका दिवसाची यादी त्या दिवसाबद्दल नेमकेपणाने बोलते. एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) वार्षिक कारागृह अहवालही ३१ डिसेंबरची स्थिती देतो. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, न्यायाधीन होते. गर्दी किती आहे, किंवा कायद्याने ठरवलेली मुदत ओलांडून किती जण आत आहेत, हे अशा यादीतून सुटणारे प्रश्न आहेत. पूर्वीच्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४३६अ च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ आहे. त्यात कमाल शिक्षेच्या निम्म्या, आणि पहिल्यांदाच आरोपी झालेल्यासाठी एक तृतीयांश काळानंतर सुटकेची तरतूद आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत आणि एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असतील तर वेगळा नियम लागतो. मी वकील नाही, त्यामुळे कलमांचा अर्थ जाणकाराकडून तपासून घ्या.

पण मूळ प्रश्नच हवा असेल तर उलट दिशेने या. दोन-तीन पोलीस ठाणी आणि ठरावीक सहा महिने निवडा, त्या काळात नोंदलेले चोरीचे सर्व गुन्हे घ्या आणि प्रत्येक आरोपीचा अटक, पीसीआर (पोलीस कोठडी), एमसीआर (न्यायालयीन कोठडी), जामिनाचा आदेश आणि प्रत्यक्ष सुटका असा माग काढा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे सोडून एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात, आणि ई-कोर्ट या न्यायालयांच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक खटल्याच्या स्वतंत्र क्रमांकाने) खटला सापडतो. जामिनाचा आदेश आणि सुटका यांच्या तारखा मात्र वेगळ्या ठेवा. आदेश होऊनही जामीनदाराअभावी आत राहणारा माणूस त्याच दोन रकान्यांच्या फरकात दिसतो. ज्यांना अटक न करता केवळ नोटीस दिली गेली, तेही मोजा, नाहीतर पुन्हा वेगळ्या तऱ्हेने निवडलेलाच गट तुमच्या हाती राहील.

मोजमापाचे एकक आधीच लिहून ठेवा. माझ्या यादीत एकच माणूस तीन गु.र.नं.मुळे (गुन्हा नोंदणी क्रमांकांमुळे) तीन ओळींत होता आणि मी त्याला तीन माणसे समजलो होतो. व्याख्येचेही तसेच आहे. तुमचा काळ १ जुलै २०२४ च्या दोन्ही बाजूंना पसरत असेल तर चोरीचे भारतीय दंड संहितेतले जुने कलम ३७९ आणि त्या दिवशी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतले नवे ३०३ एकत्र जुळवावे लागेल. व्याख्या बदलली की आकडा किती हलतो, याचे मोठे उदाहरण म्हणजे बलात्काराचे नोंदलेले गुन्हे: २०१२ मध्ये २४,९२३ आणि २०१३ मध्ये ३३,७०७. त्या वर्षी कायद्यातली व्याख्या रुंदावली आणि तक्रार नोंदवण्याचे प्रमाणही वाढले, त्यामुळे ही वाढ म्हणजे तेवढीच गुन्ह्यांची वाढ, असे म्हणता येत नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज करणार असाल तर ‘सरासरी किती’ असे विचारू नका, कारण नवी माहिती तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नसते. अमुक नोंदवहीच्या अमुक महिन्यांच्या पानांची, नावे झाकलेली प्रत मागा, किंवा अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर लगेच प्रथम अपील करा. मी चांगुलपणाने वाट पाहत बसलो आणि ते महिने परत मिळाले नाहीत.

तुमच्या पोस्टमध्ये शेवटी बंद्यांच्या मुलाखतींचा उल्लेख आहे. शिपाई दारात उभा असताना घेतलेली संमती मी संमती मानत नाही. मला एकाने सही करण्याआधी विचारले होते, “साहेब, यावर सही केली की तारीख लवकर लागेल का?” मी नाही म्हणालो, तेव्हा त्याने कागद परत केला, आणि माझ्या मते त्या दिवसातली खरी संमती प्रक्रिया तेवढीच झाली. तुमच्या संमतीपत्रात ‘याचा तुमच्या खटल्याशी काही संबंध नाही’ हे वाक्य पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरांत घाला आणि ते प्रत्येकाला वाचून दाखवा.