बहिणीचं डोकं फिरलंय असं वाटत होतं, आता डॉक्टर ओव्हरीतली गाठ काढा म्हणतात. मेंदूचा आणि ओव्हरीचा काय संबंध?

तुम्ही लिहिलंय की बहीण वीस वर्षांची, महिन्यापूर्वी कॉलेजला जात होती. आता आयसीयूत आहे, झटके येतात, कुणाला ओळखत नाही. पाठीतल्या पाण्याच्या रिपोर्टात 'एनएमडीए पॉझिटिव्ह' आलंय, सोनोग्राफीत ओव्हरीत गाठ दिसलीय, आणि आधीच एवढी नाजूक असताना पोट कशाला फाडायचं असं घरचे म्हणतायत. मी डॉक्टर नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या धाकटीला हेच झालं होतं, तेवढ्या हक्कानं लिहिते.

या आजाराला अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस म्हणतात, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीचा मेंदूवरचा हल्ला. आधी संबंध सांगते. ही गाठ बहुतेकदा टेराटोमा असते. सोनोग्राफीवाले डर्मॉइडही म्हणतात. ज्या पेशींपासून स्त्रीबीज तयार होतं त्यांच्यापासूनच ती वाढते, म्हणून तिच्यात शरीरातलं काहीही सापडतं: केस, चरबी, दात आणि मज्जातंतूंच्या ऊतीही. मेंदूच्या पेशींवर असतात तसे एनएमडीए रिसेप्टर (पेशीला निरोप मिळतो ती दारं) त्या ऊतींवरही असतात. आपली प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजते आणि अँटिबॉडी, म्हणजे परक्याला चिकटणारी प्रथिनं, बनवते. गाठीवर उठलेल्या त्या अँटिबॉडी मेंदूतल्या रिसेप्टरनाही चिकटतात आणि पेशी ते रिसेप्टर आत ओढून घेते. भुलेचं केटामाइन हेच रिसेप्टर अडवतं. त्याच्या अमलाखाली माणूस काय काय बरळतो ते ऑपरेशन थिएटरमधल्या कुणालाही विचारा. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मी घट्ट धरून ठेवली होती: यात पेशी सहसा मरत नाहीत, रिसेप्टर कमी होतात. अँटिबॉडी उतरल्या की ते परत येतात.

आमच्याकडे सुरुवात साध्या तापानं आणि डोकेदुखीनं झाली. मग झोप उडाली. बातम्या देणारी बाई माझ्याबद्दलच बोलतेय, म्हणायला लागली. मानसोपचारांच्या गोळ्या सुरू झाल्या तर अंग लाकडासारखं ताठ आणि ताप वाढलेला. मामीनं अंगारा आणला, उतारा टाकून झाला. (मामीला हसू नका, आम्हीही हात जोडून उभे होतोच.) शेवटी सगळ्यांचं लक्ष गेलं ते तोंडाकडे. तोंडात काही नसताना ती सारखी चावायची, जीभ बाहेर काढायची, ओठ चावून रक्ताळलेले. एका तरुण रेसिडेंट डॉक्टरनं ते पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघितलं आणि पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं. एमआरआय नॉर्मल होता. या आजारात तो बऱ्याच जणांचा नॉर्मलच येतो. रिपोर्ट यायच्या आत तिचा श्वास मंदावला आणि व्हेंटिलेटर लागला.

हा आजार ओळखू यायला लागला तोच मुळी अलीकडे. 2005 साली अमेरिकेत ओव्हरीत टेराटोमा असलेल्या चार तरुणींचं असंच वर्णन झालं आणि 2007 मध्ये जोसेप दाल्माऊ यांच्या गटानं अँटिबॉडी नेमकी कशावर हल्ला करते ते शोधलं. त्याआधी अशा मुलींचं काय होत असेल, याचा विचार मी रात्री करत नाही.

आता ऑपरेशनबद्दल. सगळ्यांना गाठ असतेच असं नाही. 2013 मध्ये 577 रुग्णांचा अभ्यास छापून आला, त्यात 220 जणांना होती. पण असेल तर ती काढणं हा उपचाराचाच भाग आहे. ती आत राहिली तर अँटिबॉडी बनण्याचं कारणही आतच राहतं. धाकटीची दुर्बिणीतून काढली. सर्जननं ट्रेमध्ये आणून दाखवली: पिवळट चरबी, त्यात ओल्या केसांचा गुंतवळ आणि तांदळाएवढा एक दात. आजीला केसांचं सांगितलंच नाही. गुंतवळ म्हटल्यावर तिनं करणीच धरली असती.

आणि घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा: गाठ काढली की दुसऱ्या दिवशी ती उठून बसणार नाही. स्टेरॉइड, आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी शिरेतून देणं) किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलणं हे सोबत चालतंच. त्यानं भागलं नाही तर प्रतिकारशक्ती आवरणारी रिटुक्सिमॅब वगैरे औषधं देतात. त्याच अभ्यासात उपचाराच्या पहिल्या चार आठवड्यांत निम्म्याच लोकांना फरक पडला होता, पण दोन वर्षांनी दहातले आठ जण चांगले झाले होते. आमचे ते पहिले चार आठवडे कोरडेच गेले. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "काही हालचाल?" आणि मी नाही म्हणायचे.

सुधारणा बऱ्याचदा उलट्या क्रमानं येते. आधी श्वास, मग सांगितलेलं ऐकणं, मग बोलणं. स्वभाव सगळ्यात शेवटी. त्यामुळे शुद्धीवर आल्यावर पुन्हा भांडखोर, संशयी वाटली तर आजार उलटला असं समजून घाबरू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घालाच. काही जणांना तो खरंच उलटतो, म्हणून नंतरची फेरतपासणी चुकवायची नाही.

पुढे मूलबाळ होईल का, हेही विचारलंय. अनेकदा नुसती गाठ काढून ओव्हरी ठेवता येते, आणि एक काढावी लागली तरी दुसरी काम करते. सर्जनना आधी विचारून घ्या.

धाकटी आता नोकरी करते. त्या दोन महिन्यांतलं तिला काहीही आठवत नाही. घरी आल्यावर आरशात बघून तिनं विचारलं होतं, "ताई, माझे केस कुणी कापले?" आयसीयूत जटा झाल्या होत्या, मीच कापले होते.