काउंटीचं ‘बोर्ड ऑफ सुपरवायझर्स’ म्हणजे आपली जिल्हा परिषदच का? ते निवडून कसं येतं?

तुम्ही क्युपर्टिनोत राहता आणि नुकतेच अमेरिकन नागरिक झालात, म्हणून कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीचंच (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) सांगतो.

झेडपीची तुलना अर्धीच जुळते. झेडपीला नगरपालिका-महापालिका हद्दीतले लोक मत देत नाहीत. इथे सॅन होजेपासून क्युपर्टिनोपर्यंत सगळेच मतदार. ‘मी शहरात राहतो, काउंटीशी माझा काय संबंध’ हा समज इथेच सोडा. शहरातल्या रस्त्याचा खड्डा आणि बांधकाम परवाना सिटी कौन्सिलकडे. पण सरकारी रुग्णालयं, तुरुंग, बालसंरक्षण, मतदार नोंदणी आणि मालमत्ता कराची वसुली काउंटीकडे. सॅन मार्टिनसारखी वस्ती कुठल्याच शहराच्या हद्दीत नाही, तिथे बांधकाम परवानाही काउंटीच देते.

बोर्डात फक्त ५ जण. लोकसंख्या सुमारे १९ लाख, म्हणजे एकेका मतदारसंघात जवळपास ४ लाख माणसं. दर १० वर्षांनी जनगणनेनंतर हद्दी नव्याने आखतात. अध्यक्ष थेट निवडून येत नाही, हे पाच जण आपल्यातलाच एक निवडतात. कायदे करणं आणि कारभारावर देखरेख, दोन्ही यांच्याकडेच. साध्या ठरावाला ३ मतं पुरतात, तातडीच्या अध्यादेशाला ४ लागतात. रोजचा कारभार काउंटी एक्झिक्युटिव्ह बघतो. तो कलेक्टरसारखा वरून आलेला नसतो, बोर्डच त्याला नेमतं.

गल्लत होते ती पुढे. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), डिस्ट्रिक्ट अटर्नी (फौजदारी खटले चालवणारा सरकारी वकील) आणि असेसर (करासाठी घर-जमिनीची किंमत ठरवणारा) हे तिघे स्वतंत्रपणे निवडून येतात. त्यांचं बजेट बोर्डाच्या हातात असतं, पण तपास कसा करा किंवा घराची किंमत किती धरा, हे बोर्ड सांगू शकत नाही. त्यामुळे घराचं मूल्यांकन जास्त वाटलं तर सुपरवायझरला पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका. असेसमेंट अपील्स बोर्डाकडे (मूल्यांकनाच्या तक्रारी ऐकणारं वेगळं मंडळ) मुदतीत अर्ज करा. कराचा मूळ १ टक्का दरही बोर्डाचा नव्हे, ती मर्यादा १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने, म्हणजे राज्यातल्या मतदारांनी थेट मंजूर केलेल्या प्रस्तावाने, घातली आहे.

आता निवडणूक. मुदत ४ वर्षं, सलग ३ मुदतींची मर्यादा. मतदारसंघ १ आणि ४ ची निवडणूक २०२६ मध्ये. २, ३ आणि ५ ची २०२४ मध्ये झाली, पुढची २०२८ ला. क्युपर्टिनो ५ मध्ये येतं. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष नसतो, त्यामुळे आधी माहिती काढावीच लागते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिली फेरी चुकवू नका. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या वर्षी ती मार्चमध्ये असते, गव्हर्नरच्या वर्षी जूनमध्ये. तिथेच कुणाला निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर तो निवडून आला; नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर ती जागा दिसतच नाही. नाहीतर पहिले दोघे नोव्हेंबरला लढतात. मतदारसंघ ५ मध्ये मार्च २०२४ ला कुणीच निम्म्यावर गेलं नाही, आणि नोव्हेंबरमध्ये मार्गारेट आबे-कोगा निवडून आल्या.

मतपत्रिका घरी टपालाने येते. परत पाठवताना पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात. आपल्यातले बरेच जण कुठे मराठीत, कुठे इंग्रजीत सही करतात. डीएमव्हीत (आपल्या आरटीओसारखं कार्यालय) किंवा नोंदणी करताना जी केली होती, तीच इथे करा. जुळली नाही तर खुलाशासाठी पत्र येतं. त्याला मुदतीत उत्तर दिलं नाही तर मत मोजलं जात नाही.