बीडीडी (बायनरी डिसिजन डायग्राम, म्हणजे बूलियन फंक्शन नोडच्या आलेखात साठवायची रचना) फुगून मेमरी संपते. सिम्बॉलिक मॉडेल चेकिंग (डिझाइनच्या स्टेट एकेक न मोजता सूत्ररूपात एकत्र तपासणं) वेगवान कसं करायचं?

आधी व्हेरिएबलचा क्रम बघा, बहुतेकदा दुखणं तिथेच असतं. दोन 32-बिट रजिस्टर समान आहेत का, एवढंच तपासताना अ0, ब0, अ1, ब1 असा आलटून-पालटून क्रम लावला तर शंभरेक नोडमध्ये आटोपतं. आधी सगळे अ, मग सगळे ब ठेवले तर नोड 2³² च्या वर जातात. सध्याच्या आणि पुढच्या स्टेटचे बिटही असेच जोडीने ठेवा.

ट्रान्झिशन रिलेशन (कुठल्या स्टेटवरून कुठल्या स्टेटला जाता येतं ते सांगणारा संबंध) अखंड बांधू नका. तुकडे ठेवा, जे व्हेरिएबल उरलेल्या तुकड्यांत येत नाही ते इमेज (एका पायरीत पोहोचता येणाऱ्या स्टेट) काढतानाच क्वांटिफाय करून (0 किंवा 1, कुठलीही किंमत चालेल असं धरून वगळून) टाका. सिफ्टिंगने (एकेक व्हेरिएबल क्रमात वर-खाली सरकवून बघण्याने) सापडलेला चांगला क्रम जतन करून पुढच्या रनला द्या.

मल्टिप्लायरपुढे मात्र कुठलाच क्रम टिकत नाही. तो ब्लॅक बॉक्स करा, म्हणजे आतलं लॉजिक काढून आउटपुटला कुठलीही किंमत घेऊ द्या. आउटपुट मोकळे सुटल्याने खोटे काउंटरएग्झाम्पल (गुणधर्म मोडल्याचे दाखले) येतील, ते मूळ डिझाइनवर सिम्युलेट करून गाळा.