चिखलात रोपे लावण्याआधी भरतीचे पाणी कोठून येते ते पाहा

तुमचा प्रश्न असा आहे, की नवी मुंबईतील तुमची सोसायटी या पावसाळ्यात खाडीकाठच्या मोकळ्या चिखलात खारफुटीची रोपे लावणार आहे, त्याने रोहित (फ्लेमिंगो) आणि इतर पाहुण्या पक्ष्यांना मदत होईल का, आणि रोपे कोणती लावावीत. पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, म्हणून दुसऱ्या भागाचे उत्तर मी देत नाही. ज्याला तुम्ही मोकळा चिखल म्हणता, ते त्या पक्ष्यांचे ताट आहे. छोटा रोहित तेथील सूक्ष्म शेवाळ चोचीने गाळून खातो, मोठा रोहित किडे आणि बारीक शिंपले टिपतो, आणि तुतवार, चिखल्या, पाणटिवळे आपापल्या चोचीच्या लांबीप्रमाणे चिखलाच्या वेगवेगळ्या थरांतले खाद्य काढतात. तेथे तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, दाटी झाली की हे पक्षी उतरत नाहीत, कारण खाताना त्यांना चारही बाजूंचे मोकळे दिसावे लागते. शिवाय तिवराचे बी पाण्यावर तरंगत येते आणि जागा मानवली की आपले आपण रुजते. ठाणे खाडीत गाळ साचत गेला तशी तिवरे कोणी न लावताही चिखलावर पुढे सरकत आली आहेत.

दुसरी गोष्ट भरतीची. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलावर चरतात, हे सर्वांना दिसते. भरतीला तोच चिखल पाण्याखाली गेल्यावर ते कोठे जातात, हा विचार फार थोडे लोक करतात. त्यांना दिवसातून दोनदा, काही तास, उथळ पाण्याची आणि माणसे-कुत्री न पोहोचणारी जागा लागते. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, २०२२ मध्ये खाडीचा सुमारे ६,५२१ हेक्टर भाग महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला, आणि या दोन्ही गोष्टींचा मला मनापासून आनंद आहे; पण नेरूळ आणि सीवूड्सकडची तळी, उरणची पाणजे पाणथळ, म्हणजे भरतीच्या वेळच्या विसाव्याच्या जागा, अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिल्या. जेवायची खोली राखली आणि निजायची विकायला काढली, तर त्या घरात कोणी राहत नाही.

मी हे इतक्या ठामपणे लिहितो, कारण अशी एक जागा आमच्या घरची होती. उरण तालुक्यातील आमच्या गावात खाराच्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधाला एक उघाडी, म्हणजे पाण्याचे झडपेसारखे दार, होती. ओहोटीला आतले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर पडायचे, आणि भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार मिटायचे. ती राखण्याचे काम माझ्या वडिलांकडे होते. पुढे बांधाला वरचेवर खांडी पडू लागल्या, शेतात खारे पाणी शिरून भात जळू लागले, आणि आमच्या बाजूच्या सर्वांनीच शेती सोडली, तेव्हा वडिलांनी दिवाळीपासून मृगापर्यंत ते दार वर उचलून खुंटीला बांधून ठेवायला सुरुवात केली. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, आत गुडघाभर पाणी येई, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारच्या लहान भरतीच्या, दिवसांत ते घोट्याइतके उरे, आणि त्या पाण्याबरोबर कोलंबी, चिंबोऱ्या, कधी मोठा जिताडाही येई. पक्षी त्यांनी बोलावले नव्हते, ते पाण्यामागून आले. वडिलांना त्यांची पुस्तकातली नावे ठाऊक नव्हती, परंतु कोणते पाखरू कोणत्या तिथीला किती वाजता उतरेल हे ते अचूक सांगत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे खाडीकाठच्या माणसाला शिकवावे लागत नाही. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्येला आणि पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास पाणी चढते, आणि त्याच्या तासभर आधी आमच्या खारात पक्ष्यांचे थवे उतरू लागत. शेकाटे पाण्यात, चिखल्या बांधाच्या कडेला, आणि टिलव्यांचे थवे एकत्र, एका पायावर. जेमतेम पंचवीस ग्रॅम वजनाचा तो टिलवा उन्हाळ्यात आर्क्टिकच्या टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळ्यात आमच्या बांधावर झोपतो, हे मला फार उशिरा, वडील गेल्यानंतर कळले. त्यांना ते सांगता आले नाही, याचे दुःख अजून आहे.

वडील गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात कोणीतरी उघाडीच्या तोंडाशी रात्रीतून दगड आणि राडारोडा टाकला. मी तेव्हा नोकरीसाठी पनवेलला राहत होतो आणि शनिवारी गावी पोहोचलो, तोवर आतले पाणी ओसरून निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) मरून पडल्या होत्या. पुढच्या अमावास्येला मी मुद्दाम दुपारी बांधावर उभा राहिलो. थवे ठरल्या वेळी आले, कोरड्या खारावर तीन-चार घिरट्या घालून खाली उतरले, लगेच उठले, आणि शेवटी रस्त्याच्या भरावावर, ट्रकांच्या शेजारी, पंख मिटून बसले. एप्रिल आला की या पक्ष्यांना हजारो किलोमीटरच्या उड्डाणासाठी अंगात चरबी साठवायची असते, आणि असे प्रत्येक उगाचचे उठणे त्यातूनच खर्च होते.

मी लेखी तक्रार केली. पाहणी झाली ती ऐन मे महिन्यात, आणि पंचनाम्यात जमीन कोरडी, भेगाळलेली आणि पडीक असल्याची नोंद झाली. ती नोंद खोटी नव्हती, म्हणूनच तिच्यापुढे माझे काही चालले नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या चुलतभावाने, ज्याला मी आजही दादा म्हणतो, त्याच जमिनीवर वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठेवला. गुलमोहर आणि सुरूची रोपे आणली होती, शाळेतली मुले आली होती, फलक लागला होता. मी हात लावायला नकार दिला, तेव्हा दादा सर्वांसमोर म्हणाला, की झाडे लावायलाही ज्याचा विरोध आहे तो कसला निसर्गप्रेमी. त्या वाक्याला मला तेव्हा उत्तर सुचले नाही. तुमच्या प्रश्नाने ते वाक्य पुन्हा समोर आले, म्हणून हे उत्तर इतके लांबले आहे.

दादाचे म्हणणे सरळ होते आणि त्यात वेदनाही होती. आमच्या जमिनी शहरासाठी गेल्या तेव्हा दुर्बीण घेऊन कोणी आले नाही, संपादित जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी आमच्या पिढीने उंबरे झिजवले, आणि आता उरलेल्या तुकड्याला भाव येत असताना पाखरांचे नाव पुढे केले जाते, असे तो म्हणे. यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. पण ज्या उघाडीवरचा जिताडा त्याच्या घरी दर पौर्णिमेला जाई, ती बुजवून आमच्या गावाने कमावले काय? दार उघडे होते तेव्हा तिथे मासळी होती, पावसाचे पाणी मुरायला जागा होती, आणि डासही कमी होते, कारण दिवसातून दोनदा हलणाऱ्या खाऱ्या पाण्यात आणि त्यातल्या माशांपुढे डासांच्या अळ्या टिकत नाहीत. डास झाले ते दार बुजवल्यानंतर साचलेल्या डबक्यांत. काही वर्षांनी एका मोठ्या उधाणात बांधाला खांड पडली, पाणी आपल्या वाटेने आत आले, आणि ते गुलमोहर खाऱ्या पाण्याने एका हंगामात वाळले. शेकाटे त्याच हिवाळ्यात परतले.

आमच्या गावात जे झाले ते नंतर नेरूळच्या डीपीएस शाळेमागच्या डीपीएस तलावावर सर्वांनी पाहिले. भरतीचे पाणी आत यायच्या वाटा बुजल्या, तळे सुकले, आणि २०२४ मध्ये तेथे आणि आसपास रोहित पक्षी मेल्याच्या बातम्या आल्या. नागरिकांनी पाठपुरावा केला, आणि २०२५ मध्ये तो तलाव संवर्धन राखीव म्हणून घोषित करण्याला राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. तेथेही लढा पाण्याच्या वाटेसाठीच होता.

कायद्याबाबत एवढेच सांगतो, की आपल्याकडे झाडाला पाण्यापेक्षा अधिक संरक्षण मिळाले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने राज्यभरातील खारफुटीच्या तोडीवर बंदी आली. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांतून मात्र मीठ पिकवण्यासाठी आणि मत्स्यशेतीसाठी बांधलेल्या जागा वगळल्या गेल्या, आणि पक्ष्यांना मिठागरांचाच मोठा आधार आहे. म्हणून पुरावा आधी जमवा. पाणी असताना, उधाणाच्या दिवशी, तारीख आणि वेळ दिसेल अशी छायाचित्रे दरमहा काढा, पाणी आत येण्याचे नाले आणि मोऱ्या नकाशावर खुणा करून ठेवा, आणि त्यांपैकी एखादी बुजताना दिसली तर त्याच आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालय आणि वनखात्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष या दोन्हींकडे लेखी कळवा. मे महिन्याची वाट पाहू नका.

दोन गोष्टी उशिरा सांगतो आहे, पण सांगायला हव्यात. जेथे पूर्वी तिवरे होती आणि ती तोडली गेली, तेथे लागवड योग्यच आहे, मात्र ती कांदळवन कक्षाच्या देखरेखीखाली व्हावी. आणि बांधाच्या आत आजही कोणी भात घेत असेल, तर कोणाचीही उघाडी परस्पर उघडू नका. आमच्या वडिलांनी ती उघडली तेव्हा आतला प्रत्येक शेतकरी आधी शेती सोडून बसला होता.

तुमच्या सोसायटीने रोपे विकत घेण्यापूर्वी येत्या अमावास्येला दोन फेऱ्या माराव्यात. सकाळी साडेसहाच्या सुमारास, ओहोटी असताना, त्या चिखलावर कोणी चरत आहे का ते लांबून पाहा, आणि दुपारी बाराला, चिखल बुडाल्यावर, तेच थवे उडून कोठे उतरतात ते पाहून त्या जागेचा सर्व्हे क्रमांक काढा.