इंदूरला बोरिंगच्या पाण्यावर गिझर जास्त वर्षं टिकवायचा असेल तर काय करावं?

नर्मदेचं पाणी असेल तर एवढं टेन्शन नाही, पण बोरिंगचं खारं पाणी गिझरची वाट लावतं, कॉइलवर पांढरा थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो, आतून खडखड आवाज येतो आणि शेवटी कॉइल जळते. दिवाळीच्या आसपास, थंडी पडायच्या आत मेकॅनिककडून टाकी साफ करून घ्या आणि अ‍ॅनोड रॉड बघायला सांगा. हा मॅग्नेशियमचा असतो, टाकीच्या ऐवजी स्वतः झिजतो, पेन्सिलीसारखा बारीक झाला की बदलायचा, हे तर कोणी करतच नाही! थर्मोस्टॅट ५५-६० डिग्रीवर पुरे, जास्त तापवलं की क्षारही जास्त बसतात. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो म्हणून त्याला बूच मारू नका हो, टाकी फुटू शकते.